बहुमताने मंजूर झालेला तिसरा टक

नवीन कपाट घरात आलं तर ते कोणत्या भिंतीला लावायचं, हे आपल्याकडे ठरलेलं असतं. केरसुणी कुठे उभी करायची, आरशाचं तोंड कुणीकडे नको, याचेही नियम आहेत. पण ऑटोमॅटिक गाडीचा दुरुस्त करून आणलेला गिअरबॉक्स, तो गाडीत बसेपर्यंत, घरात कुठे आणि कसा ठेवावा, याबद्दल वाडवडिलांनी काहीही सांगून ठेवलेलं नाही. त्यामुळे ते सांगण्याची जबाबदारी जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीने घेतली.

गाडी माझ्या बायकोची, मीनाची. गल्लीत तिला 'साहेबाची गाडी' म्हणतात. साहेब म्हणजे मी, पाटबंधारे खात्यातला वरिष्ठ लिपिक. लहानपणच्या पोलिओमुळे मीनाच्या डाव्या पायात जोर नाही. क्लच दाबणं तिला जमत नाही, म्हणून क्लच नसलेली गाडी शोधून घेतली. ती कुंभार पिंपळगावच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि रोज जालन्याहून जाऊन-येऊन करते. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आधी, ऐन बाजाराच्या दिवशी, पिंपळगावच्या बाजारात कांद्याच्या ढिगासमोर गाडी उभी राहिली ती राहिलीच. इंजिन ओरडत होतं आणि चाकं ऐकत नव्हती. एका ट्रॅक्टरने ती ओढत कल्याणच्या गॅरेजात नेली. कल्याण हा तिथला ट्रॅक्टरचा मिस्त्री. त्याने गिअरबॉक्स खाली उतरवला आणि हात पुसत सांगितलं, "मॅडम, काढून देणं आन् बसवून देणं, एवढं माझं काम. ह्याच्या पोटात मी हात घालत न्हाई."

पोटात हात घालणारे तातेराव संभाजीनगरला भेटले. त्यांनी गिअरबॉक्स पूर्ण उघडून नव्याने बांधून दिला. पण तोवर पेरणी तोंडावर आली होती आणि कल्याणच्या दारात ट्रॅक्टरांची रांग लागली होती. तो फोनवर म्हणाला, "सध्या घरीच ठिवा. मोकळा झालो की सांगतो." अशा रीतीने प्रश्न आमच्या बैठकीच्या खोलीत आला.

मीना याबद्दल एकदाच बोलली. "शाळा उघडायच्या आत गाडी झाली तर ठीक. नाही तर मी पिंपळगावला खोली करून राहते." काळ्या-पिवळ्या जीपमध्ये चढता-उतरताना तिला कुणीतरी दंडाला धरावं लागतं. ते रोज व्हावं, आणि तेही विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर, हे तिला नको होतं. हे ती बोलली नाही, मला माहीत होतं. ती खोली करून राहिली तर जालन्याच्या घरात मी आणि माझ्या सासूबाई, द्वारकाबाई (आमच्याकडच्या रीतीने मी त्यांना मामी म्हणतो, आणि गल्लीही), असे दोघंच उरणार होतो. हेही कुणी बोललं नाही, पण दोघांनाही माहीत होतं.

गिअरबॉक्स टेम्पोत चढवताना तातेरावांनी मला समोर उभं करून समजावलं होतं. त्याची एक बाजू घंटेसारखी उघडी असते. त्या तोंडात दोन पराती एकमेकींवर झाकाव्यात तसा एक गोल, जड डबा बसलेला असतो. त्याला म्हणतात कन्व्हर्टर.

"हा डबा आत नुसता बसलेलाय, साहेब. बोल्ट न्हाई, काही न्हाई. म्हणून तोंडावर ही लोखंडी पट्टी लावून दिली. पट्टी काढायची ती गाडीत बसवतानाच. बॉक्स टायरवर आडवा ठिवायचा. तोंड खाली करायचं न्हाई. डबा पुढं सरकला आन् मिस्त्रीनं तसाच आवळला की आतला पंप फुटला. मंग पुन्हा माझ्याकडं, पहिल्यापासून."

"पुन्हा आणला तर किती दिवस?" मी विचारलं.

"दिवाळी धरून चाला," तातेराव म्हणाले.

टेम्पो आमच्या गल्लीत शिरत नाही. आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एक जण कुणाच्या तरी ओट्यावर चढतो. कोपऱ्यावर राधेश्यामजींचं धान्याचं दुकान आहे. त्यांनी आपले दोन हमाल दिले आणि स्वतः पुढे चालत दिशा देऊ लागले. हमालांना पोत्याची सवय. त्यांनी आधी सवयीने पोत्याचा हूक काढला. मी आडवा झालो. मग त्यांनी तो पाठीवर घ्यायचं ठरवलं. मी पुन्हा आडवा झालो. शेवटी एका पाटावर टायर, टायरवर गिअरबॉक्स आणि दोन्हीकडून हमाल, अशी ती स्वारी निघाली तेव्हा ओट्यावरची एक म्हातारी हात जोडून उठून उभी राहिली. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. वेळ नव्हता.

घरात आल्यावर जागेचा वाद झाला. राधेश्यामजी म्हणाले, "दक्खनला तोंड नको, साहेब. मशीनरीचं तोंड दक्खनला म्हणजे बिलकुल नुकसान. माझ्या साडूची पिठाची गिरणी अशीच बसली." पूर्वेला तोंड केलं तर दार उघडत नव्हतं. पश्चिमेला केलं तर टीव्ही दिसत नव्हता. अखेर उत्तर ठरली. सोफ्याशेजारी, टायरवर, वर जुनी चादर. मी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलं: 'तिरपे करू नये. पट्टी काढू नये. आदेशावरून.' आणि ते चादरीला टाचणीने लावलं.

"आदेश कुणाचा?" मीनाने विचारलं.

"ते लिहायची गरज नसते. लिहिलं की लोक त्याला जाऊन भेटतात," मी म्हणालो.

पुढचे काही दिवस गल्ली येऊन चादर उचलून बघत होती. एकाने त्याला रोज थोडा हलवावा असं सांगितलं, म्हणजे तेल बसत नाही. दुसऱ्याने हलवू नये असं सांगितलं, म्हणजे तेल बसतं. ओळखीच्या एका गृहस्थांनी वर बसून चहा घेतला. त्यांना ते नवीन धर्तीचं स्टूल वाटलं. राधेश्यामजी रोज सकाळी येऊन तोंड उत्तरेलाच आहे ना, हे बघून जात. सासूबाई मात्र काही बोलत नव्हत्या. झाडताना त्या टायरभोवती झाडू फिरवत, त्या उघड्या तोंडाकडे बघत आणि पुढे जात. या शांततेची मी दखल घ्यायला हवी होती. त्या भोकरदनकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांनी एखादी गोष्ट दोनदा बघून सोडून दिली, याचा अर्थ त्यांचं ठरलेलं असतं.

कल्याणचा फोन आला: परवा घेऊन या. मी बसस्टँडजवळच्या एका पार्सलवाल्याकडे चौकशीला गेलो.

"माल नवा का जुना?" खिडकीतला माणूस म्हणाला.

"जुना. पण नव्याने बांधलेला."

"म्हंजे नवा."

"नवा नाही. आतलं नवं, बाहेरचं जुनं."

"बिल कशाचं हाय? नव्याचं का जुन्याचं?"

"दुरुस्तीचं."

त्याने पेन खाली ठेवलं. "दुरुस्ती हा माल न्हाई, साहेब. आत तेल हाय का?"

"थोडं."

"मंग द्रव झाला. द्रव उभा जातो. उभा करून, वर बाण काढून आणा."

मी त्याला उभा करता येत नाही, हे समजावू लागलो. मागे एक गृहस्थ कोंबडीच्या पिलांचं खोकं घेऊन उभे होते. ते म्हणाले, "तुमचं ठरू द्या, आमची पिल्लं मोठी हून राह्यलीत." मी बाहेर पडलो. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढून मला एवढं कळतं की खिडकीच्या आतल्या बाजूला असणं हे बाहेरच्या बाजूला असण्यापेक्षा फार वेगळं असतं.

गल्लीत शिरलो तर राधेश्यामजी दुकान सोडून माझ्याकडे येत होते. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"साहेब, घरी सगळं बराबर हाय ना? म्हंजे... मामीचं आन् मॅडमचं काही..."

"का?"

"तुमच्या दाराखालून लाल काहीतरी बाहेर आलंय."

या गिअरबॉक्सचं तेल लाल असतं. हे मला माहीत होतं आणि राधेश्यामजींना नव्हतं, त्यामुळे आमच्या दोघांपैकी जास्त मी घाबरलो.

आत मीना अजून आलेली नव्हती; ती घनसावंगीला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेली होती. सासूबाई पदर खोचून फडक्याने फरशी पुसत होत्या. चादर घडी करून सोफ्यावर होती. वर माझा पुठ्ठा नीट ठेवलेला. टायर भिंतीला टेकवलेला. आणि गिअरबॉक्स आपल्या उघड्या तोंडावर, फरशीवर, पालथा उभा होता.

"मामी, हे काय केलं?"

"पालथं घातलं," त्या म्हणाल्या. "मोठ्या तोंडाचं भांडं उघडं ठिवतेत का कुठं? कवापासून बघून राह्यले. धूळ जाती, झुरळ जातंय, पाल पडली म्हंजे? हंडा, घंगाळ, काही बी आसू द्या, वापरात नसलं की पालथं घालायचं. दुकानातल्या दोघांला बोलावलं आन् घातलं."

"आणि पट्टी?"

"पट्टीनं ते डुगडुगून राह्यलं व्हतं. बराबर बसत नव्हतं. काढली. आता कसं टेकलंय बघा."

खरोखरच फार छान टेकलं होतं. पट्टी त्यांनी न्हाणीच्या खिडकीच्या फळीखाली लावली होती. ती फळी दोन वर्षं हलत होती आणि मी दोन वर्षं 'बघतो' म्हणत होतो. आता हलत नव्हती.

"पुठ्ठा वाचला नाही का तुम्ही?"

"वाचला की. तिरपं करू नये लिव्हलंय. मी कुठं तिरपं केलं? सरळ उभं केलं."

आदेशाचा मसुदा माझाच होता.

हमालांना पुन्हा बोलावून गिअरबॉक्स टायरवर आडवा केला. तातेरावांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एक मोठा श्वास सोडला, आणि म्हणाले, "डबा कुठंय बघा. तोंडाच्या कडेपासून बोटभर आत पाहिजे."

डबा कडेच्या बरोबरीला आला होता.

"मंग बसवा. ढकलायचं बिलकुल न्हाई. मागं जराक रेटा ठिवून फिरवत राह्यचं. आत जागा सापडली की टक करून बसतो. असे तीन टक येतात. तीन. दोनवर थांबले तर पंप गेला समजा."

आधी मी बसलो. फिरवला. बराच फिरवला. एक टक आला, आणि खांद्यातूनही आला. मग राधेश्यामजी बसले. त्यांना वजनकाट्याची सवय असल्याने ते दर वेळी फिरवून हात सोडत आणि वाट बघत. तेवढ्यात मीना आली. तिने दारातलं लाल तेल बघितलं, टायर बघितला, राधेश्यामजींना बघितलं आणि पर्स न ठेवताच खुर्चीवर बसली. कुणी काही सांगितलं नाही. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला फार सांगावं लागत नाही.

राधेश्यामजींच्या हातून दुसरा टक आला. तो सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर ते फिरवत राहिले, मी फिरवला, हमालांनी फिरवला. सासूबाई भिंतीला टेकून म्हणाल्या, "रेटून राह्यलेत सगळे. जात्याची वरची पाळी खुंट्यावर बसवताना रेटतेत का?" त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, त्या आरोपी होत्या. बऱ्याच वेळाने कुठून तरी एक आवाज आला.

"झालं," राधेश्यामजी म्हणाले. "तिसरा."

"मला नाही आला ऐकू," मीना म्हणाली.

"मला आला," मी म्हणालो. माझा खांदा दुखत होता.

"आला, आला," सासूबाई म्हणाल्या. तिसरा टक येण्यात त्यांची सुटका होती.

"स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं," मीना म्हणाली.

यावर चर्चा झाली. झाकण वाजलं असतं तर एकदाच वाजलं असतं, आणि आवाजही एकदाच आला, असा एक मुद्दा निघाला. त्याने नेमकं काय सिद्ध होतं ते ठरलं नाही. हमालांना मत नव्हतं, कारण ते राधेश्यामजींचे होते. शेवटी तिघांच्या मताने आणि मीनाच्या विरोधात तिसरा टक मंजूर झाला. तातेरावांनी फोनवर विचारलं, "बोट बसतंय का?" राधेश्यामजींनी करंगळी घालून बघितली आणि बसतंय म्हणाले. कोणतं बोट, हे तातेरावांनी विचारलं नाही आणि आम्ही कळवलं नाही. न्हाणीतली पट्टी काढून परत तोंडावर लावली. फळी हलू लागली.

ठरलेल्या दिवशी सकाळी बिभीषण ड्रायव्हरची काळी-पिवळी जीप सांगितली. ती घनसावंगीमार्गे पिंपळगावला जाते. मधल्या सीटवर टायर, टायरवर गिअरबॉक्स, त्याच्या एका बाजूला मीना. दुसऱ्या बाजूला सासूबाई, कारण "मी नसले तर तुम्ही लोकं पुन्हा काही तरी करताल." पुढे राधेश्यामजी, त्यांना पिंपळगावला सोयाबीनचं बघायचं होतं. मला मागे, पाय बाहेर सोडून जागा मिळाली. प्रत्येक गतिरोधकाला मी मागून ओरडत होतो, "तिरपा होऊ देऊ नका." घनसावंगीला चढलेल्या एका बाईने चादरीकडे बघत सासूबाईंना हळूच विचारलं, "आजारी हाय का?"

"व्हतं. आता बरंय," सासूबाई म्हणाल्या.

कल्याणच्या दारात चार ट्रॅक्टर उभे होते आणि त्यांचे मालक बाजेवर बसले होते. त्याने पट्टी काढली, बॉक्स जॅकवर घेतला, गाडीखाली गेला. आम्ही बाहेर उभे होतो. खालून त्याचा आवाज आला.

"तीन टक झालते ना, साहेब?"

"झाले," मी म्हणालो. ठराव झालेला होता.

थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. "इंजिनाला पुरा भिडून नाही राह्यला. जराक फट हाय. बोल्टानं ओढून घेतो, येतोय का न्हाई बघू." आणि पाना लागल्याचा आवाज झाला.

"थांबा," मीना म्हणाली.

"मॅडम, बोल्ट आवळला की येतो तो जागेवर."

"हातानं भिडला पाहिजे. ओढून भिडवायचा नाही. कल्याणभाऊ, बाहेर काढा."

"ट्रॅक्टरवाले बसलेत, मॅडम. त्यांची पेरणी हाय."

"माझी शाळा आहे," मीना म्हणाली.

ती हे मोठ्याने म्हणाली नाही. पण बाजेवरच्यांनी एकमेकांकडे बघितलं; त्यांतल्या दोघांची पोरं तिच्याच वर्गात होती. त्यांतला एक म्हणाला, "काढ रे, कल्याण. आमाला काही जल्दी न्हाई." ही साफ खोटी गोष्ट होती.

गिअरबॉक्स पुन्हा टायरवर आला. मीनाने पोतं अंथरलं, डावा पाय हातानं उचलून सरळ ठेवला आणि त्याच्यासमोर बसली. दोन्ही तळवे डब्याच्या कडेला लावले. रेटलं नाही. नुसतं फिरवत राहिली, हळू, एकाच वेगाने, जणू आत दळण पडतंय. मी सूचना द्यायला तोंड उघडलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मिटलं. एका ट्रॅक्टरवाल्याने उठून आपला चालू ठेवलेला ट्रॅक्टर बंद केला. गॅरेजात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मीनाच्या कपाळावर घाम आला. तिने पुसला नाही. शाळा सोमवारी उघडणार होती. तिने पावसाळ्यासाठी एक खोली बघून ठेवलेली होती, हे मला त्याच वेळी तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

मग आला.

टक.

तो असा आला की त्यावर मतदान घ्यायची गरज नव्हती. डबा बोटभर आत गेला, अंगठ्याशेजारचं बोट. कल्याणने वाकून बघितलं आणि तो पुन्हा गाडीखाली गेला.

"हा असा असतो व्हय," सासूबाई म्हणाल्या. "मंग तवा घरी काय वाजलं व्हतं?"

"डब्याचं झाकण," मीना म्हणाली.

राधेश्यामजी सोयाबीन बघायला गेले.

या वेळी इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडं हातानंच भिडली. तेल भरून, सगळं जोडून, उन्हं उतरताना मीना स्टिअरिंगवर बसली. गाडी आधी मागे गेली, मग पुढे आली, मग कांद्याच्या बाजाराच्या जागेवरून एक फेरी मारून परत आली. चाकं ऐकत होती. ट्रॅक्टरवाल्यांनी माना हलवल्या.

आता घरी जायचं. सासूबाई पुढे बसल्या, त्यांना मागे मळमळतं. मागे राधेश्यामजी, त्यांनी घेतलेलं सोयाबीनचं बियाणं, मीनाची एक सहकारी, आणि घनसावंगीपर्यंत गिअरबॉक्सचा आवाज ऐकत येणारा कल्याण. मी दार धरून उभा होतो.

"तुम्ही जीपनं या," मीना म्हणाली. "तातेराव म्हणाले, सुरुवातीला जास्त वजन नको."

तातेराव असं काही म्हणाले नव्हते. पण बहुमताचा अनुभव ताजा होता, मी वाद घातला नाही. तिने मला टायर आणि पट्टी दिली. पट्टी न्हाणीतल्या फळीसाठी हवी होती.

बिभीषणची जीप निघायच्या बेतात होती. त्याने मला हातात टायर घेतलेलं बघितलं आणि काही न विचारता तो टायर मधल्या सीटवर, सकाळच्याच जागी ठेवला. सीटच्या स्प्रिंगा गेलेल्या होत्या. मी टायरवर बसलो. दोन्ही बाजूंनी माणसं चढली, मग आणखी चढली.

घनसावंगीच्या अलीकडे एक पांढरी गाडी हॉर्न देऊन आम्हाला ओलांडून गेली. पुढच्या खिडकीतून सासूबाईंनी हात केला. मीनाने बघितलं नाही. गाडी चालवताना ती समोरच बघते. जीपच्या समोरच्या काचेतून गाडी लहान होत जाताना दिसली आणि वळणावर नाहीशी झाली.

वळणावर जीप कलली आणि शेजारचे तिघं माझ्या अंगावर आले. बिभीषणने आरशात बघितलं. सकाळपासून त्याने एकच वाक्य माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की ते त्याच्या तोंडात बसलं होतं.

"ए, सरका तिकडं," तो म्हणाला. "साहेबाला तिरपं करू नका."

लोक सरकले. मी पट्टी छातीशी आडवी धरून, उत्तरेला तोंड करून, जालन्यापर्यंत सरळ बसलो.